हॉप अर्काची मौखिक विषाक्तता

हॉप (ह्युम्युलस ल्युप्युलस) ही भांगेच्या कुळातील वेल होय. तिच्या शंकूसारख्या मादी फुलोऱ्यांतील राळेपासून काढलेला अर्क बिअरला कडवटपणा आणण्यासाठी व झोपेच्या वनौषधींत वापरतात.

‘हॉप अर्क’ हे एकाच पदार्थाचे नाव नव्हे. उच्च दाबाखालील कार्बन डायऑक्साइडने काढलेल्या अर्कात मुख्यतः ह्युम्युलोन व ल्युप्युलोन ही कडू आम्ले उतरतात. झँथोह्युमॉल त्यात जवळजवळ नसते. ते इथेनॉलने काढलेल्या अर्कात येते. त्यामुळे एका अर्काचा निष्कर्ष दुसऱ्याला लागू करता येत नाही.

चाचणीत उंदरांना प्रथम एकच मोठी मात्रा व पुढे सामान्यतः ९० दिवस रोज ठरावीक मात्रा तोंडावाटे देतात. अपाय न दिसलेल्या सर्वोच्च मात्रेला बहुधा १०० ने भागून माणसासाठी मर्यादा काढली जाते.

उंदरांवरून सर्व प्राण्यांबद्दल अनुमान करणे मात्र धोक्याचे आहे. माणूस शतकानुशतके बिअरमधून हॉप सेवन करत आला. कुत्र्यांना तोच जीवघेणा ठरू शकतो. हॉप खाल्ल्याने पाच कुत्र्यांना तीव्र ज्वर आल्याची नोंद १९९७ साली अमेरिकी पशुवैद्यकीय नियतकालिकात झाली. ग्रेहाउंड जातीला हा धोका विशेष असतो.

माणसाच्या बाबतीत मुख्य प्रश्न संप्रेरकांचा आहे. हॉपमधील ८-प्रेनिलनारिन्जेनिन हे अत्यंत प्रभावी वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन असून आतड्यातील जीवाणूही ते आयसोझँथोह्युमॉलपासून तयार करतात. किती, हे व्यक्तीगणिक बदलते. युरोपीय औषध संस्थेने झोपेसाठीचा पारंपरिक वापर मान्य केला असला, तरी १२ वर्षांखालील मुलांसाठी त्याची शिफारस केलेली नाही.