घरधन्याचं नाव आणि आपलं नाव

मागे गटातल्या एका आजींबरोबर खातं उघडायला बँकेत गेले होते. खिडकीमागचा मुलगा दुसऱ्या राज्यातला, नवाच आलेला. त्याने विचारलं, "पति का नाम?" आजी पदर सावरत माझ्याकडे बघायला लागल्या. त्याला वाटलं, ऐकू आलं नाही. त्याने मोठ्याने विचारलं. शेवटी नाव मीच सांगितलं. ह्याच आजी हळदीकुंकवाला असा खणखणीत उखाणा घेतात की बाहेर ओसरीवर ऐकू जावा, हे त्या पोराला कोण सांगणार!

नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आपल्याकडे मानत. म्हणून मग अहो, कारभारी, मालक, इकडची स्वारी, नाहीतर अमक्याचे बाबा. शिकलेल्या घरांतही तेच होतं. न्यायमूर्ती रानडे काही काळ नाशिकला नोकरीवर होते, तेव्हा रमाबाईही इथे राहिल्या. पुढे १९१० साली त्यांचं आठवणींचं पुस्तक आलं. सगळं पुस्तक नवऱ्यावर, पण त्यांचा उल्लेख त्या 'स्वतः' असा करतात. १९३८ साली त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं, त्याचं नावच त्या शब्दावरून 'हिमसेल्फ' ठेवलं. आपल्याला ज्यात काही विशेष वाटत नाही, ते तिकडच्यांना इतकं नवलाचं वाटलं की थेट पुस्तकाच्या कपाळावर गेलं.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी दुसरी वाट काढली. 'स्मृतिचित्रे' ह्या पुस्तकात त्या नवऱ्याला सरळ 'टिळक' म्हणतात. मला ते फार आवडतं. आडनावच घ्यायचं, म्हणजे नाव घेतल्याचा दोष नाही आणि आडपडदाही नाही.

हे फक्त आपल्यातच आहे असं समजू नका. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा बायकांची ह्या बाबतीतली रीत आपल्याहून कडक. तिला हलोनिफा म्हणतात. सासऱ्याचं नाव तर घ्यायचं नाहीच, पण त्या नावातली अक्षरं ज्या शब्दांत येतात ते शब्दही सुनेने टाळायचे. समजा सासऱ्याचं नाव पांडुरंग, तर पाणी म्हणायची चोरी! त्यामुळे त्या बायकांनी रोजच्या वस्तूंना वेगळे शब्द योजले, त्यांची अशी एक बोलीच तयार झाली.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते ही जास्त महत्त्वाची. नवऱ्याचं नाव न घेण्याची चर्चा सगळे करतात, पण आपलं नाव कुठे जातं? लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहितो. लक्ष्मीबाई माहेरी मनकर्णिका होत्या. रमाबाई माहेरच्या यमुना. अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी, त्याही यमुनाच! तिघींचीही पाळण्यातली नावं लग्नानंतर गेली.

आडनाव बदलणं बऱ्याच देशांत आहे. पण बाईचं पहिलं नावच बदलायचं, हे ऐकून बाहेरचे लोक चकित होतात. कोरियात बाई लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर १९८१ पासून सरकारी कामात लग्नाआधीचंच नाव चालतं. पण गोऱ्यांनीही फार हसू नये. आनंदीबाईंच्या काळात अमेरिकेतली बायको नवऱ्याला खुशाल नावाने हाक मारायची आणि पाकिटावर मात्र तिला 'मिसेस' लावून नवऱ्याचंच नाव लिहायचे. तिचं स्वतःचं नाव तिथेही गडप.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, असा आपल्याकडे कायदा नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव घालायला लावलं आहे. आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. चांगलं झालं. पण लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव, ही पद्धत तशीच राहिली.

त्या आजींचंच बघा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा, हा कायदा महाराष्ट्रात १९९४ साली आला, देशभर २००५ साली. आजींचे भाऊ चांगले, वाटा द्यायला तयार. पण शाळेच्या दाखल्यावर नाव एक, आधार कार्डावर दुसरं. दोन्ही बाया एकच, हे तलाठ्याला पटवायचं कसं? लग्नाची नोंद कुठे नाही, पत्रिका कधीच गेली. आता प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावाची जाहिरात, असे हेलपाटे चालू आहेत.

परवा तहसीलच्या बाकावर बसल्या बसल्या मी त्यांना म्हटलं, "आजी, माहेरच्या नावाने हाक मारू का?" तर लाजल्या. म्हणाल्या, "मार की. पण पोरी, मला कळायला जरा वेळ लागेल हां."