रीळ बदलताना

सिनेमा दाखवून मुलांना नेतृत्व, सहवेदना, रागावर ताबा शिकवावा, असं आता शिक्षकांच्या प्रशिक्षणांत सांगतात. ऐकून बरं वाटतं, पण ते नवं म्हणून सांगतात ते मला पटत नाही. आमच्या हिंगोलीकडच्या शाळांत हे काम फार आधीपासून चालू आहे. फक्त त्याला असं भारदस्त नाव नव्हतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला.

माझ्या लहानपणी सिनेमा म्हणजे तंबू. औंढा नागनाथला महाशिवरात्रीची जत्रा भरली की तंबू यायचा. हिंगोलीच्या दसऱ्यात रामलीला मैदानावर रामलीला पाहायला घरची मोठी माणसं आम्हाला हाताला धरून न्यायची, पण तंबूकडे पाऊल वळलं की डोळे वटारायची. सिनेमानं लेकरं बिघडतात, हे ठरलेलं होतं. त्या ठरलेल्या गोष्टीला पहिला धक्का दिला 'श्यामची आई'नं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकावर आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये हा चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. तंबूत जाणाऱ्या पोरांना छडी मारणारे आमचे गुरुजीच मग आमची रांग लावून आम्हाला तो बघायला घेऊन गेले.

सरकारची तयारीही त्याच सुमारास चालू होती. फिल्म्स डिव्हिजन १९४८ ची, चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी १९५५ ची. सोसायटीचा पहिला चित्रपट केदार शर्मांचा 'जलदीप'. या संस्थांचे चित्रपट आमच्यासारख्या गावांपर्यंत यायचे ते सोळा मिलिमीटरच्या रिळांवर. जीप यायची, सोबत जनरेटर, शाळेच्या भिंतीवर पांढरं कापड. प्रोजेक्टर एकच. सोळाशे फुटांचं मोठं रीळ साधारण पाऊण तास चालतं. ते संपलं की दिवा लावायचा, रीळ काढायचं, दुसरं चढवायचं. लेकरं कलकलाट करायची आणि ऑपरेटर घामाघूम व्हायचा.

माझं म्हणणं असं, की शिक्षण व्हायचं ते या मधल्या वेळात.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या शाळेत 'श्यामची आई' दाखवला. दिवाळीनंतरचे दिवस, अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेला. पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई मारते, तो प्रसंग होऊन गेला आणि थोड्या वेळानं रीळ संपलं. ऑपरेटरचं चालू होतं तोवर मी सहज विचारलं, ''आईनं मारलं ते बरं केलं का?'' पोरं एका आवाजात ''बरं केलं!'' मागून एक मुलगी उठली. म्हणाली, ''बाई, पोरीला कामून कुणी हिरीत ढकलत नाही? आम्हाला तर काठावर बी जाऊ देत नाहीत.'' पोरं हसली. मग एकजण म्हणाला, बहीण बुडाली तर तिला काढायचं कुणी? त्यावरून जे भांडण पेटलं ते दुसरं रीळ सुरू झालं तरी थांबेना. पुढच्या शिक्षकी आयुष्यात मी किती धडे शिकवले, पण भीती, धाडस आणि मुलींवरची बंधनं यांवर इतकं खरं बोलणं मी वर्गात क्वचितच ऐकलं.

पुढे टीव्ही आला. पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी सुरू झाली आणि मराठी मुलांसाठी मराठीत बनवलेले शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून येऊ लागले. ही फार मोठी गोष्ट होती. २०१७ मध्ये ती संस्था बंद केली, याचं मला आजही वाईट वाटतं. पण टीव्ही थांबत नव्हता. कार्यक्रम संपेपर्यंत मुलं गप्प, आणि संपला की घंटा. कित्येक शाळांत तर संचच कुलुपात असायचा, खराब होईल म्हणून. विजया मुळे यांची 'एक अनेक और एकता' ही १९७४ ची छोटी फिल्म टीव्हीवर इतक्यांदा लागली, की जाळ्यासकट उडणारी पाखरं सगळ्यांना तोंडपाठ. तरी सगळ्यांनी मिळून उडायचं हे पहिल्यांदा सुचलं कुणाला आणि बाकीच्यांनी त्याचं ऐकलं का, हे मुलांना विचारायला वेळच उरायचा नाही. नेतृत्वाचा प्रश्न तर तोच आहे.

सीडीचा जमाना आला तेव्हा थांबवायची सोय परत हातात आली. भावे-सुकथनकरांचा 'दहावी फ' (२००२) आम्ही थांबवत थांबवत दाखवला. मध्ये भारनियमनानंही आपला वाटा उचलला. युनिसेफच्या मीनाच्या कार्टूनवरून शाळांत मीना-राजू मंच झाले. मीना आणि राजू एक दिवस आपापली कामं अदलाबदल करतात, ती गोष्ट दाखवून मी पाचवीच्या पोरांना घरी जाऊन भांडी घासून यायला सांगितलं. काहींच्या आया दुसऱ्या दिवशी भांडायला आल्या.

२०२४ पासून शाळांत पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार हा उपक्रम आहे. निवृत्तीनंतरही एका तांड्यावरच्या शाळेत मी अधूनमधून जाते. तिथली लहान लेकरं घरी गोरमाटी बोलतात, मराठी अजून अडखळते. म्हणून 'द रेड बलून' नेला. लामोरिसचा १९५६ चा फ्रेंच चित्रपट, चौतीस मिनिटांचा, बोलणं जवळजवळ नाहीच. मोठी पोरं दगड घेऊन फुग्यामागं लागतात, तिथं मी थांबवला. लेकरं ओरडली. विचारलं, ''तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं?'' सगळे म्हणाले, फुगा वाचवला असता. एकच पोरगा खाली बघत बोलला, ''म्या बी दगड मारला असता. सगळे मारत होते ना.'' त्याला कुणी हसलं नाही. शेजारच्यानं विचारलं, ''आन् एकटा असता तर?'' त्यानं बराच वेळ विचार केला, आणि उरलेली फिल्म आम्हाला पुढच्या शनिवारी बघावी लागली.