नागपूरची आगगाडी, साताऱ्याचे बिऱ्हाड: घरात भरणाऱ्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास

१/ इ.स. १८९३. नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत नारायण वामन टिळक या तरुण ब्राह्मण कवीला एका युरोपीय सहप्रवाशाने ‘नव्या करारा’ची प्रत दिली. त्या भेटीतून सुरू झालेला प्रवास पुढे एका मूलभूत प्रश्नापाशी पोहोचला: ख्रिस्ती मंडळी नेमकी कोठे वसते, चर्चच्या इमारतीत की माणसांच्या घरात?

२/ नागपुरात टिळक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत वाङ्मयाचे काम करीत आणि ‘ऋषि’ हे नियतकालिक चालवीत. ख्रिस्ती धर्म या शहराला नवा नव्हता. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप येथे १८४५ मध्येच आले होते. १८८३ मध्ये त्यांच्या नावाचे कॉलेजही उभे राहिले. नागपूरकर सुशिक्षितांना हा धर्म भेटला तो मुख्यतः शाळेच्या वर्गात.

३/ पण वर्ग सुटला की विद्यार्थी घरी जातो. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला बहुधा जायला घरच उरत नसे. १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखला. पंगतीतले पान मात्र कोणताही कायदा राखू शकत नव्हता.

४/ टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. काही वर्षांनी त्या अहमदनगरला पतीकडे परतल्या, त्याही सोवळे सांभाळीतच. १९०० साली त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त ही सारी घालमेल आहे.

५/ घर तुटलेल्यांसाठी मिशनांनी आवारे उभारली: निवारा, शाळा, नोकरी. आधार खरा होता, पण त्याची किंमतही होती. उपजीविका मिशनच्या पगारावर अवलंबून राहिली आणि शेजारपाजाऱ्यांशी असलेला संबंध विरळ होत गेला.

६/ याहून जुना एक मार्ग होता. पहिल्या शतकात पौलाने आपल्या पत्रांत अक्विला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख केला आहे. सीरियातील दुरा-युरोपोस येथे तर तिसऱ्या शतकातील एक राहते घरच उपासनागृहात रूपांतरित केलेले उत्खननात सापडले. भव्य चर्चे बहुतांशी चौथ्या शतकानंतरची.

७/ इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांच्या अनुयायांनी हा लहान गट नव्याने शोधला, तोही कर्जापायी! १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचे ऋण फेडण्यासाठी सुमारे १२ जणांचे गट पाडले गेले. प्रत्येक गटाच्या प्रमुखाने दर आठवड्याला घरोघरी जाऊन एक पेनी गोळा करायची. पेनी मागताना कोण आजारी, कोण व्यसनात बुडालेला, कोण घरात भांडतो, हेही कळू लागले. वसुलीची फेरी विचारपुशीची फेरी झाली आणि तीच मेथडिस्ट समाजाचा कणा ठरली.

८/ टिळकांनी हा विचार मराठी मातीत आणला. अभंग आणि कीर्तन ही आपल्या लोकांच्या ओळखीची साधने त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी योजिली. १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. साताऱ्यातील त्यांचे बिऱ्हाड हेच त्याचे केंद्र. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे स्थान होते. ज्याने घर गमावले त्याला घर मिळावे आणि ज्याला घर सोडायचे नाही त्याच्यावर ते सोडण्याची सक्ती नसावी, असा हा मार्ग होता.

९/ ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. वेस्लींच्या गटांशी तुलना केली की कारण दिसू लागते. तेथे प्रत्येक १२ जणांमागे एक जबाबदार माणूस घडत होता. साताऱ्यात सारा भार एकाच तेजस्वी व्यक्तिमत्त्वावर होता.

१०/ टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरेच राहिले होते; ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. दरबाराला मात्र तसे हात लाभले नाहीत. घरातली मंडळी एका माणसाच्या प्रेमाने सुरू होते. पण तिचा दिवा पुढच्या घरी नेणारे तयार झाले, तरच ती मूळ माणसामागे उरते.