टार्दच्या कपाटातले कागद

सिद्धान्ताचा पेपर म्हटला की समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो. मार्क्स, दुर्खीम, वेबर हे तीन दाढीवाले, प्रत्येकाचे चार-चार मुद्दे, आणि परीक्षा संपली की सगळ्याचे विसर्जन. मला तुम्हांला वेगळ्या दाराने आत न्यायचे आहे. ते दार गाब्रिएल टार्दचे.

टार्द पेशाने न्यायाधीश. माणसे एकमेकांचे अनुकरण करतात आणि त्यातूनच समाज घडतो, असे त्याने १८९० साली मांडले. दुर्खीमला हे साफ अमान्य होते. समाज व्यक्तींच्या बेरजेहून निराळा असतो, तो बाहेरून व्यक्तीवर दाब आणतो, हा त्याचा आग्रह. १८९७च्या ‘आत्महत्या’ या ग्रंथात अनुकरणाची कल्पना खोडायला त्याने आख्खे प्रकरण खर्ची घातले. गंमत अशी, की त्याच ग्रंथासाठी लागलेली फ्रेंच न्यायखात्यातली अप्रकाशित कागदपत्रे त्याला टार्दनेच खुली करून दिली होती! त्यांतल्या २६,००० आत्महत्यांच्या नोंदी दुर्खीमचा भाचा मार्सेल मोस याने लावून दिल्या.

विद्यापीठांत दुर्खीम जिंकला. टार्द मात्र संपला नाही. मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातींवरचा निबंध वाचला, तेव्हा त्यांनी टार्दचाच आधार घेतला. एका वर्गाने बेटीव्यवहाराची दारे आतून लावून घेतली. वरच्यांचे पाहून खालच्यांनीही लावली. पण आंबेडकर तिथेच थांबत नाहीत. काहींना दारे बाहेरूनच बंद झालेली आढळली, हेही ते सांगतात. इथे मला दुर्खीमचा तो दाब जाणवतो, त्यांनी त्याचे नाव घेतले नसले तरी.

या शतकाच्या आरंभी फ्रेंच विचारवंत ब्रूनो लातूरने टार्दला पुन्हा बाहेर काढले आणि आपला पूर्वज ठरवले. म्हणजे ‘अभिजात’ कोण, हे मागाहून ठरते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ टॅलकट पार्सन्सने १९३७ साली निवडलेल्या चौघा विचारवंतांत मार्शल, पारेतो, दुर्खीम, वेबर होते. मार्क्सला त्या पंगतीत पान नव्हते.

पुढे अभ्यासक्रमात बूर्द्यू आणि फूको हे नंतरचे फ्रेंच विचारवंत भेटतील, तेव्हा ते कोणाशी भांडताहेत हे आधी शोधा. आज मात्र दुर्खीमचे अनुकरणावरचे प्रकरण उघडा आणि शेजारी आंबेडकरांचा निबंध ठेवा. दुसरा आधी वाचलात तरी हरकत नाही.