स्वसंरक्षणासाठी पिस्तूल व रिव्हॉल्व्हर (भारत)

भारतात स्वसंरक्षणासाठी जवळ बाळगावयाच्या लहान पिस्तुलाची अथवा रिव्हॉल्व्हरची निवड शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या चौकटीतच करावी लागते. परवान्याविना असे शस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे.

परवाना
बृहन्मुंबईत पोलीस आयुक्त हे परवाना प्राधिकारी आहेत. त्यामुळे दिंडोशीतील रहिवाशाचा अर्जही त्यांच्याकडेच जातो व जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. परवाना नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात; त्याविरुद्ध अपील करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, तर एका व्यक्तीजवळील अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली.

निवड
९ मि.मी. पिस्तुले प्रतिबंधित वर्गात मोडत असल्याने सामान्य परवानाधारकापुढे मुख्यतः .३२ व .२२ व्यासाची शस्त्रे उरतात. पिस्तूल चपटे असल्याने कपड्यांखाली सहज झाकते. रिव्हॉल्व्हर जाड असते. परंतु एखादे काडतूस न उडाल्यास चाप पुन्हा ओढताच पुढचे काडतूस समोर येते. कानपूर येथे निर्मित व २०१४ साली बाजारात आलेले ‘निर्भीक’ हे .३२ रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे आहे. हलके शस्त्र बाळगण्यास सोयीचे असले, तरी गोळी झाडताना त्याचा धक्का अधिक बसतो.

जबाबदारी
सार्वजनिक ठिकाणी शस्त्र झाकूनच न्यावे लागते. ते मिरविण्यास मनाई आहे. घरी ते कुलपात, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. परवाना म्हणजे गोळी झाडण्याची मुभा नव्हे: भारतीय न्याय संहिता, २०२३ नुसार बचावासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरता येते.