बालमधुमेहाची ओळख : एका रोगनिदानाचा इतिहास

टोरंटो येथील जनरल हॉस्पिटलमध्यें १९२१ च्या डिसेंबर महिन्यांत लेनर्ड टॉम्सन नांवाच्या एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलास आणण्यांत आलें. त्याचें वजन अवघें ६५ पौंड भरलें. चेहरा पांढुरका, केस गळत चाललेले, पोट फुगलेलें आणि श्वासास ॲसिटोनचा गोडसर वास. त्यास झालेला रोग कोणता, याविषयीं तेथील डॉक्टरांस यत्किंचितही संशय नव्हता. परंतु या निश्चित ज्ञानाचा त्या मुलास कांहीं उपयोग होता काय? त्या दिवसापर्यंत तरी नव्हता. बालमधुमेह ओळखणें म्हणजे तोंवर मृत्यूची तिथि सुमारें कळणें, एवढाच अर्थ होता.

हा रोग जगास नवा नव्हे. आपल्याकडील प्राचीन वैद्यांनीं प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले व त्यांतील मधुमेहास त्याचें नांव मधासारख्या गोड मूत्रावरून दिलें. अशा रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, ही गोष्ट चरकाच्या दृष्टींतून सुटली नव्हती. त्याहूनही सूक्ष्म विचार सुश्रुताचा आहे. प्रमेह दोन प्रकारचा. एक जन्मासोबत आलेला व दुसरा अपथ्यानें जडलेला, असें तो म्हणतो. पहिल्याचा रोगी कृश, रुक्ष व तहानेनें व्याकुळ असतो. दुसऱ्याचा स्थूल, खादाड आणि लोळत पडणारा असतो. आजच्या दोन प्रकारांशीं हा भेद तंतोतंत जुळतो असें म्हणण्याचा मोह अनेकांस होतो, तो आवरलेला बरा. कारण सुश्रुताचा कृश रोगी अन्न कमी खातो, तर मधुमेहाच्या आरंभीं मुलाची भूक बहुधा वाढलेली असते. तथापि सडपातळ रोगी व स्थूल रोगी यांस एकाच मापानें मोजूं नये, हें त्यास कळलें होतें. आणि युरोपास हीच गोष्ट शास्त्रीय प्रयोगानें सिद्ध करण्यास १९३६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनीं इन्सुलिनास दाद देणारे व न देणारे असे मधुमेहाचे दोन वर्ग दाखवून दिले.

पश्चिमेकडील कथा थोडक्यांत सांगतां येईल. ख्रिस्ती शकाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास ॲरेटियस या ग्रीक वैद्यानें या रोगांत मांस वितळून मूत्रावाटें वाहून जातें, असें वर्णन केलें. सतराव्या शतकांत इंग्लंडच्या टॉमस विलिस यांनीं रोग्याच्या मूत्राची गोड चव नमूद केली. ती गोडी खरोखर साखरेचीच, हें लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनीं मूत्र आटवून १७७६ सालीं दाखविलें. पुढें १८८९ मध्यें स्ट्रासबुर्ग येथें मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकतांच त्यास मधुमेह होतो, हें पाहिलें आणि रोगाचें मूळ स्थान कळलें.

म्हणजे निदान येत होतें. उपाय येत नव्हता. १९१४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनीं जो उपाय काढला, त्यास उपाय म्हणावें कीं शिक्षा, असा प्रश्न पडतो. रोग्यास उपाशी ठेवावयाचें. मूत्रांतील साखर नाहींशी होईपर्यंत अन्न द्यावयाचें नाहीं, व नंतरही तोलून-मापून केवळ जीव तगेल इतकेंच द्यावयाचें. प्रौढ माणूस मनाचा निग्रह करील. भुकेल्या मुलानें काय करावें? अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हॅन्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ हिला १९१९ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, हा रोग झाला. ॲलन यांच्या पथ्यावर ती तीन वर्षें टिकली, परंतु १९२२ च्या ऑगस्टमध्यें तिला टोरंटोस आणलें तेव्हां तिचें वजन सुमारें ४५ पौंड होतें. ॲलन यांस निर्दय म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांच्या उपासमारीनें कांहीं मुलें इन्सुलिन निघेपर्यंत जिवंत राहिलीं, एलिझाबेथ ही त्यांपैकींच एक.

टोरंटो विद्यापीठांत प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेंत फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनीं १९२१ च्या उन्हाळ्यांत कुत्र्यांवर प्रयोग केले आणि ११ जानेवारी १९२२ रोजीं त्यांनीं तयार केलेला स्वादुपिंडाचा अर्क लेनर्ड टॉम्सनला टोंचण्यांत आला. पहिला प्रयत्न जवळजवळ फसलाच. रक्तांतील साखर थोडीशीच उतरली व टोंचल्या जागीं गळूं झालें. मग रसायनशास्त्रज्ञ कॉलिप यांनीं तो अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीस पुन्हा टोंचण्या सुरू झाल्या, आणि साखर एका दिवसांत ५२० वरून १२० मिलिग्रॅमवर आली. मुलगा उठून हिंडूं-फिरूं लागला. तो पुढें १९३५ पर्यंत जगला. एलिझाबेथ तर १९८१ पर्यंत.

या इतिहासाचें खरें वळण येथेंच आहे, व त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. औषध नव्हतें तोंवर निदान चार दिवस आधीं झालें काय किंवा उशिरा झालें काय, शेवट तोच होता. औषध आल्याबरोबर तेच चार दिवस जीवनमरणाचे ठरले. आतां मूल मरावयाचें तें बहुधा औषधाच्या अभावीं नव्हे, तर रोग कोणी ओळखला नाहीं म्हणून. अर्थात् जेथें इन्सुलिन पोंचत नाहीं अशा दरिद्री प्रदेशांतील मुलांची गोष्ट निराळी आहे.

ओळखण्यांत अडचण ती कोणती? लक्षणें तर उघड आहेत. परंतु त्यांतील प्रत्येकास घरांत एक सोयीस्कर कारण तयार असतें. मूल तांब्यामागून तांब्या पाणी पितें, तर उन्हाळा आहे. वारंवार लघवीस जातें, तर एवढें पाणी प्यालें म्हणून. येथें कार्यकारणभाव उलटा लावला जातो. वस्तुतः रक्तांत सांचलेली साखर मूत्रावाटें जातांना आपल्याबरोबर पाणी ओढून नेते, म्हणून तहान लागते. मूल वाळलें, तर उंची वाढत आहे. दोन वर्षें कोरडें अंथरूण ठेवणारा मुलगा पुन्हा अंथरूण ओलें करूं लागला, तर तो खोडकर झाला किंवा भ्याला. आणि त्या बिचाऱ्यास मार बसतो. तान्ह्या मुलाची तर आणखीच पंचाईत, कारण त्यास तहान सांगतां येत नाहीं. जड झालेलीं ओलीं दुपटीं व न थांबणारें रडणें, हीच त्याची भाषा.

हे थोडे दिवस निघून गेले कीं रोग वेष पालटतो. इन्सुलिनाच्या अभावीं शरीरास साखर वापरतां येत नाहीं, म्हणून तें चरबी जाळूं लागतें, व त्यांतून निघणारीं आम्लें रक्तांत सांचतात. मग ओकाऱ्या होतात, पोट दुखतें, आणि अपेंडिक्सची शंका घेऊन शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. आम्ल बाहेर टाकण्यासाठीं मूल खोल व जोराचा श्वास घेऊं लागतें, आणि त्यास न्युमोनिया समजण्यांत येतें. हा श्वास जर्मन वैद्य कुसमाउल यांनीं १८७४ मध्येंच वर्णिला होता. एक खूण मात्र विचार करण्याजोगी आहे. ओकाऱ्यांनीं व जुलाबांनीं सुकलेल्या मुलास लघवी कमी होते. मधुमेहाचें मूल जीभ कोरडी पडली तरी भरपूर लघवी करीतच राहतें. हा विरोध ज्याच्या ध्यानीं आला, त्यानें रोग निम्मा ओळखला. यापुढची पायरी बेशुद्धीची.

परीक्षेचीं साधनें दुर्मिळ होतीं, असेंही नव्हे. अमेरिकन रसायनज्ञ बेनेडिक्ट यांचें निळें द्रावण १९०८ पासून उपलब्ध होतें. त्यांत थोडी लघवी घालून तापविली कीं साखरेच्या प्रमाणांत तें हिरवें, पिवळें, अखेर विटेसारखें लाल होई. आज बोटाच्या टोकाच्या एका थेंबावर काम भागतें. वर सांगितलेलीं लक्षणें असतां कोणत्याही वेळीं घेतलेल्या रक्तांत शंभर मिलिलिटरमागें २०० मिलिग्रॅम किंवा अधिक साखर निघाली, तर निदान झालें. उद्यां सकाळीं उपाशीपोटीं रक्त तपासूं, असें म्हणून मुलास घरीं पाठविणें हा या रोगांतला फार महाग पडणारा शिष्टाचार होय. झाडपाल्याच्या काढ्यावर आठवडा काढणें तर त्याहूनही महाग.

ओळख लवकर व्हावी म्हणून काय करतां येतें, याचें उत्तर उत्तर इटलींतील पार्मा या गांवानें दिलें. १९९१ मध्यें तेथील वैद्यांनीं प्रांतांतील शाळांतून मधुमेहाचीं लक्षणें सांगणारीं भिंतीपत्रकें लावलीं आणि बालवैद्यांस लघवी व रक्त तपासण्याचें साहित्य वांटलें. नवी शस्त्रें नाहींत, नवें औषध नाहीं. केवळ शिक्षक व आया यांच्या नजरेस पडेल असा एक कागद. त्यापूर्वीच्या चार वर्षांत नव्यानें रोग जडलेल्या मुलांपैकीं शेंकडा ७८ मुलें रक्तांत आम्ल सांचल्यावरच इस्पितळांत पोंचत होतीं. १९९१ ते १९९७ या काळांत हें प्रमाण शेंकडा १२.५ वर आलें. शेजारच्या ज्या प्रांतांत तो कागद लागला नव्हता, तेथें जुनीच स्थिति राहिली. आणि ज्या लक्षणानें पालकांस बहुधा प्रथम सावध केलें, तें हेंच अंथरूण ओलें करण्याचें, ज्यासाठीं घरोघरीं मुलांस बोलणीं खावीं लागतात.

त्याच इटलीनें सप्टेंबर २०२३ मध्यें कायदा करून मुलांचें रक्त रोगाच्या आधींच तपासण्याची राष्ट्रीय योजना मान्य केली. स्वादुपिंडावर उलटलेलीं प्रतिपिंडें तहान लागण्यापूर्वीं कित्येक वर्षें रक्तांत सांपडूं शकतात, आणि तीं सांपडलेल्या घरांत मुलाच्या पाण्याच्या तांब्याकडे आई-बाप निराळ्या डोळ्यांनीं पाहूं लागतात.