छपरावरचे पाणी आणि नियमांची जन्मकथा

शाळेची गच्ची आपल्याला सपाट दिसते. प्रत्यक्षात ती सपाट नसते, निदान नसावी. तिला हलका उतार असतो आणि त्या उताराच्या टोकाला एक भोक असते. उतार डोळ्यांना जाणवत नाही आणि भोक कोणाच्या लक्षात राहत नाही. ते आठवते पावसाळ्यात, वरच्या मजल्यावरच्या वर्गात ओल उतरू लागली म्हणजे.

कौलारू छपराला हा प्रश्न फारसा पडत नाही. पाणी पागोळ्यांतून अंगणात पडते. त्याचा हिशेब ठेवावा लागत नाही. सपाट छपरावर मात्र प्रत्येक थेंबाला वाट दाखवावी लागते. २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद गच्चीवर फक्त एक सेंटिमीटर पाणी साचले, तर त्याचे वजन २ टन भरते. दहा सेंटिमीटर साचले तर २० टन. हे पाणी किती वेगाने निघून गेले पाहिजे, आणि ते कोणी ठरवायचे, या प्रश्नाचा इतिहास पाहण्याजोगा आहे. कारण या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडते : एका धोक्यावर माणूस नियम करतो आणि त्या नियमातून दुसरा धोका जन्माला येतो.

मातीचे धाबे आणि पहिला कायदा

सपाट छप्पर हे मुळात कोरड्या प्रदेशाचे अपत्य. पाऊस कमी, लाकूड तुटपुंजे, आणि रात्री झोपायला, धान्य वाळवायला वर जागा हवी. मेसोपोटेमियात आणि इजिप्तमध्ये अशी छपरे हजारो वर्षे होती. आपल्याकडे मराठवाड्यातील धाब्याची घरे याच कुळातली. लाकडावर मातीचा जाड थर चोपून बसवायचा, थोडा उतार ठेवायचा आणि भिंतीबाहेर पन्हळ काढायची. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती टाकायची. दुरुस्ती हा बांधकामाचाच भाग होता.

घरबांधणीबाबतचे अगदी जुने लेखी कायदे बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या संहितेत सापडतात. तिचा काळ सुमारे इसवी सन पूर्व १७५०. गवंड्याने बांधलेले घर कोसळून मालक मेला, तर गवंड्याला देहदंड. मालकाचा मुलगा मेला, तर गवंड्याच्या मुलाला. भिंत कलली, तर ती गवंड्याने स्वतःच्या खर्चाने पक्की करावी. या कायद्यात तुळई किती जाड, उतार किती, याबद्दल एक अक्षरही नाही. कायदा फक्त परिणाम पाहतो. घर पडल्यावर शिक्षा काय, हे तो सांगतो. घर पडू नये म्हणून काय करावे, हे सांगत नाही. आधुनिक बांधकाम-नियमांचा सारा प्रवास या पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्या प्रकाराकडे झालेला आहे.

दुसऱ्या प्रकाराचे एक प्राचीन उदाहरण बायबलच्या जुन्या करारात आहे. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधताना छपराला कठडा कर, म्हणजे कोणी पडून मेल्याचा दोष तुझ्या घराला लागणार नाही, अशा अर्थाची आज्ञा आहे. अपघाताआधीच उपाय सांगणारा हा नियम. पण कठडा बांधला की छप्पर म्हणजे एक मोठे ताट होते. माणूस पडत नाही, पण पाणीही पडत नाही.

लंडनमध्ये हाच खेळ वेगळ्या कारणाने झाला. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर शहरात विटांची घरे बांधणे सक्तीचे झाले. पुढे १७०७ च्या कायद्याने दर्शनी भिंतीवरून बाहेर डोकावणाऱ्या लाकडी वळचणीवर बंदी आली, कारण आग वळचणीवरून पसरत असे. आता भिंत छपराच्या वर कठड्यासारखी उचलली जाऊ लागली. पूर्वी वळचणीवरून सरळ रस्त्यावर पडणारे पाणी कठड्याच्या मागे अडले. त्याला शिशाच्या पन्हळीतून आणि नळातून वाट काढून द्यावी लागली. ती पन्हळ पानांनी आणि काजळीने तुंबली, की पाणी घरात. आगीवरच्या उपायातून पाण्याचा प्रश्न उभा राहिला होता.

डांबराने आणलेला सपाटपणा

पावसाच्या देशात मोठाली सपाट छपरे शक्य झाली ती एका टाकाऊ पदार्थामुळे. एकोणिसाव्या शतकात दगडी कोळशापासून दिव्यांसाठी गॅस तयार होऊ लागला आणि गॅसच्या कारखान्यांत कोळशाचे डांबर साचू लागले. १८४० च्या दशकात अमेरिकेत वॉरन बंधूंनी सिनसिनाटी येथे कागदाचे थर आणि डांबर यांचे छप्पर घालण्याचा धंदा सुरू केला. वर बारीक खडी पसरली की छप्पर तयार. कारखाने, गोदामे, दुकाने यांना हे स्वस्त छप्पर फार सोयीचे पडले.

या डांबराचा एक गुण लक्षात घेण्याजोगा आहे. ते उन्हाळ्यात मऊ होते. उतारावर घातले तर ओघळून खाली येते; सपाट जागी घातले तर मऊ होऊन स्वतःच्या बारीक भेगा स्वतःच बुजवते. म्हणून अशी छपरे जवळजवळ बिनउताराची करणे हेच योग्य समजले गेले. जाड भिंती, जवळ जवळ खांब आणि भक्कम लाकडी तुळया होत्या, तोवर यात मोठा धोका नव्हता. थोडे पाणी साचे आणि वाळून जाई.

विसाव्या शतकात परिस्थिती बदलली. पोलाद अधिकाधिक मजबूत होत गेले. तेवढेच वजन पेलायला कमी पोलाद पुरू लागले. खांबांमधले अंतर वाढले आणि छप्पर हलके झाले. येथे भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी थांबावे असे एक ठिकाण आहे. पोलादाची ताकद मिश्रधातू बदलून दुप्पट करता येते, पण त्याचा यंगचा गुणांक तेवढाच राहतो : सुमारे २०० गिगापास्कल. म्हणजे मजबूत पोलादाची सडपातळ तुळई तुटत नाही, पण वाकते जास्त. शिवाय एकसारख्या भाराखालचा तुळईचा बाक तिच्या लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट, तर बाक सोळापट.

तळे आणि भूमिती श्रेणी

आता सपाट, हलक्या छपरावर पाऊस पडू लागला. पाण्याच्या वजनाने छप्पर मध्ये एक सेंटिमीटर वाकले. त्या खळग्यात आणखी पाणी आले. त्या जादा पाण्याने ते समजा अर्धा सेंटिमीटर आणखी वाकले. तेथे पुन्हा पाणी, पुन्हा पाव सेंटिमीटर बाक. ही आपल्या ओळखीची भूमिती श्रेणी आहे :

१ + १/२ + १/४ + १/८ + … = २

छप्पर दोन सेंटिमीटर वाकून थांबते. गुणोत्तर अर्ध्याऐवजी ०.९ असेल तर बेरीज १० होते. तेही चालेल, छप्पर तेवढे सोसणार असेल तर. पण गुणोत्तर एक झाले किंवा एकाच्या पुढे गेले, तर या श्रेणीला बेरीजच नाही. पाऊस पडत आहे आणि पाणी निघून जात नाही तोवर छप्पर वाकतच जाणार आणि शेवटी कोसळणार. हे गुणोत्तर किती, हे छपराच्या ताकदीवर अवलंबून नसते. ते त्याच्या ताठपणावर आणि लांबीवर अवलंबून असते. फ्रँक मॅरिनो या अभियंत्याने १९६६ मध्ये दोन्ही दिशांनी तुळया असलेल्या छपरासाठी हे गणित प्रसिद्ध केले आणि पुढे ते अमेरिकेतील पोलाद-बांधकामाच्या नियमांत वापरले गेले.

यात आणखी एक गंमत आहे, पण ती महागात पडणारी. निचऱ्याचा नळ खांबाला लागून खाली नेणे सोयीचे असते, म्हणून भोक खांबाजवळ ठेवतात. छप्पर वाकते ते खांबांच्या मध्ये. खांबाजवळ ते वाकत नाही. म्हणजे पाणी साचू लागले, की भोक सर्वांत उंच जागी आणि तळे सर्वांत खोल जागी, अशी उलटी स्थिती होते. नकाशावर सारे नियमाप्रमाणे, आणि पाण्याला वाट नाही.

कॅन्सस सिटी, ४ जून १९७९

अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९७४ मध्ये केम्पर अरीना हे प्रचंड बंदिस्त क्रीडागृह उघडले. छपराच्या वर पोलादी कैच्यांचे तीन अवाढव्य सांगाडे होते आणि छप्पर त्यांना खालून टांगलेले होते. १९७६ मध्ये अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेने या इमारतीला गौरवले. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन येथे भरले.

ही इमारत नदीकाठच्या सखल भागात होती. मोठ्या पावसात तेथील गटारे भरून वाहू नयेत, म्हणून छपरावरचे पाणी हळूहळूच सोडायचे, असे रचनेतच ठरवलेले होते. छप्पर हे काही काळापुरते तळे होणार होते. शहराच्या दृष्टीने हा विचार चांगलाच म्हणायला हवा.

४ जून १९७९ च्या संध्याकाळी मुसळधार पाऊस आला. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११० किलोमीटर होता. छपरावर पाणी साचले आणि वाऱ्याने ते एकीकडे ढकलले गेले. ज्या उच्च ताकदीच्या बोल्टांवर छप्पर टांगले होते, ते स्थिर भार धरून योजलेले होते. पाच वर्षे वाऱ्याने छप्पर हिंदकळत राहिल्याने ते थकलेले होते. एक टांगणी तुटली, तिचा भार शेजारच्या टांगण्यांवर गेला, त्याही तुटल्या. सुमारे एक एकर छप्पर खाली आले. त्या वेळी आत कार्यक्रम नव्हता. कोणीही जखमी झाले नाही. त्याच सुमारास वास्तुविशारदांचे राष्ट्रीय अधिवेशन या इमारतीत होऊन गेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे किती थोडक्यात निभावले ते कळते.

दुर्घटनेचे एकच कारण नव्हते. साचलेले पाणी, वारा, थकलेले बोल्ट आणि एक टांगणी तुटली तर दुसरा आधार नसणे, हे सारे एकत्र आले. पण गटारांचे ओझे छपरावर घेताना छपराच्या बाजूने पुरेसा हिशेब झाला नाही, ही त्यातली शिकण्यासारखी बाब.

आजचे नियम काय म्हणतात?

अमेरिकेत पूर्वी तीन प्रादेशिक संस्थांच्या तीन आदर्श संहिता होत्या. त्या संस्था १९९४ मध्ये एकत्र आल्या आणि २००० मध्ये पहिली एकत्रित इमारत संहिता निघाली. तिच्यात सपाट छपराला बहुधा ४८ फुटांना एक फूट, म्हणजे सुमारे दोन टक्के उतार मागितलेला असतो. पण खरी शहाणपणाची कलमे पुढची आहेत. कठड्यामुळे पाणी अडू शकत असेल, तर मुख्य निचऱ्याखेरीज थोड्या उंचीवर दुसरा, स्वतंत्र निचरा हवा. मुख्य निचरा पूर्ण तुंबला आहे असे समजून, दुसऱ्या निचऱ्याच्या पातळीपर्यंतचे पाणी आणि ते वाहते राहण्यासाठी लागणारी वरची पातळी, या सर्वांचे वजन छपराने पेलले पाहिजे. भारांविषयीच्या अमेरिकन मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत छपराच्या बाकामुळे वाढणारी खोलीही या सूत्रात घातली गेली. दुसऱ्या निचऱ्याचे पाणी जमिनीच्या वर, लोकांना दिसेल अशा ठिकाणीच पडले पाहिजे, असेही कलम आहे. हे पाणी दिसले, की समजावे : वरची जाळी तुंबली आहे. नियमाने येथे धोक्याला बोलते केले आहे.

आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये प्रथम निघाली. १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये ती सुधारली गेली. छपरावरील पन्हळी आणि नळांसाठी भारतीय मानक २५२७ आहे. त्यातील कोष्टकानुसार १०० मिलिमीटर व्यासाचा एक उभा नळ, ताशी १०० मिलिमीटर पावसात, ४२.७ चौरस मीटर छपराला पुरतो. आपल्या २०० चौरस मीटर गच्चीसाठी भागाकार ४.७ येतो, म्हणजे पाच नळ हवेत. पाऊस ताशी १५० मिलिमीटर धरला तर एक नळ २८.५ चौरस मीटरलाच पुरतो आणि नळ आठ लागतात.

भारांविषयीचे भारतीय मानक ८७५ माणसांच्या वावरासाठी असलेल्या सपाट छपरावर दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन भार धरायला सांगते. हे सुमारे १५ सेंटिमीटर पाण्याचे वजन झाले. जेथे पाणी साचू शकते, तेथे त्या पाण्याचा भार वेगळा काढून, दोहोंपैकी जो अधिक घातक तो धरावा, असेही ते मानक सांगते. कठडा किमान एक मीटर उंच असतो. सर्व नळ तुंबले तर पाणी कुठवर चढेल? बहुतेक इमारतींत ते जिन्याच्या दाराचा उंबरठा ओलांडून आत येते. आपण त्यावर चिडतो. पण नकळत ठेवलेला तोच दुसरा निचरा असतो.

पावसाचा कोणता आकडा धरायचा, हा प्रश्न मात्र गणिताने सुटत नाही. मुंबईची जुनी पर्जन्यजल-गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. गटार भरलेले असेल तर छपरावरचा नळ कितीही मोठा असो, त्याचे पाणी जाणार कुठे? छप्पर, नळ, गटार आणि नदी यांची साखळी एकच आहे. एका कडीचा भार दुसरीवर ढकलताना दुसरीचा हिशेब करावा लागतो.

हे सारे वर्गात आणता येईल. मुलांना गच्चीचे क्षेत्रफळ मोजू द्यावे, खालून नळ मोजू द्यावेत, व्यास घ्यावा आणि कोष्टकाशी ताडून पाहावे. गच्चीवर मात्र शिक्षकांनीच जावे, आणि तेही मे महिन्याच्या अखेरीस : जाळीवरची पाने, चेंडू, प्लॅस्टिकच्या पिशव्या काढाव्यात आणि भोकात एक बादली पाणी ओतून ते खाली येते का हे पाहावे. संहितेतले कोणतेही कलम ही बादली ओतत नाही. धाब्याच्या घरात राहणारी माणसे दर वर्षी पावसाआधी छपरावर चढत असत. हम्मुराबीच्या कायद्याची भीती असो वा नसो, घर त्यामुळेच टिकत असे.